ड्रेनेज लाइन बदलायचं काम निघालंय? मग रहिवाशांना काय, कधी आणि कसं सांगायचं

रस्त्यावर ड्रेनेजचं काम निघालं की कोपऱ्यावर एक मोठा बोर्ड लागतो. कामाचं नाव, लाइनची लांबी, ठेकेदार कोण, मुदत किती, सगळं असतं त्यावर. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना जे हवंय तेच नसतं, ते म्हणजे उद्या सकाळी वॉशिंग मशीन लावू का नको.

पालिकेत, ठेकेदाराकडे किंवा कन्सल्टंटकडे बसून जे लोकांचे फोन घेतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोसायटीच्या कमिटीत असाल तरी वाचा, म्हणजे समोरच्याकडे नेमकं काय मागायचं ते कळेल. माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांना प्रोजेक्टची माहिती फारशी नको असते, त्यांना आपल्या घरापुरती सूचना हवी असते, किती वाजल्यापासून काय बंद आणि किती वाजता परत चालू. आणि यातलं "परत चालू" हे सांगायला जवळपास सगळेच विसरतात.

१. आधी काम कुठल्या पद्धतीचं आहे ते साइट इंजिनिअरकडून समजून घ्या

हे न करता नोटीस लिहायला बसू नका, कारण पद्धत बदलली की लोकांचा त्रासही बदलतो.

सरळ खोदकाम असेल तर धूळ, आवाज, गाडी बाहेर काढायची अडचण आणि घरासमोर खड्डा. हे लोकांना माहीत असतं, समजावून सांगायला फार लागत नाही. पाइप बर्स्टिंग असेल तर जुन्या पाइपमधून एक टोकदार हेड ओढत नेतात, ते जुना पाइप आतूनच फोडतं आणि त्याच्या मागोमाग नवा एचडीपीईचा, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकचा, पाइप येतो. यात अख्खा रस्ता खोदत नाहीत, पण दोन्ही टोकांना खड्डे लागतात, शिवाय प्रत्येक हाउस कनेक्शन, म्हणजे घरातून येणारा पाइप, नव्या पाइपला जोडायला छोटा खड्डा लागतो. जमिनीला हादरे बसतात तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर भिंतीला जुनी चीर असली तरी त्या दिवसापासून ती तुमच्या नावावर.

तिसरी पद्धत लायनिंगची. राळेत, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेली लांबच लांब नळी चेंबरमधून जुन्या पाइपात सोडतात, बऱ्याचदा मोजा उलटा करावा तशी पाण्याच्या नाहीतर हवेच्या दाबाने उलटी करत नेतात, आणि मग गरम पाणी, वाफ किंवा यूव्ही दिव्यांनी ती आतच कडक करतात. जुन्या पाइपच्या आत नवा पाइप तयार. १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वुड नावाच्या इंजिनिअरने हे पहिल्यांदा केलं आणि आज जगभर चालतं. रस्ता जवळजवळ खोदावाच लागत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं की यात लोकांना काय सांगायचंय, दोन चेंबर तर उघडणार. खरं तर सगळ्यात जास्त सांगावं लागतं ते याच कामात.

कारण असं की नळी कडक होते तेव्हा मधल्या सगळ्या हाउस कनेक्शनची तोंडं आतून बंद झालेली असतात. मग कॅमेरा आणि रोबोट कटर आत सोडून एकेक तोंड परत कापून उघडतात. नळी आत गेल्यापासून तुमचं तोंड कापेपर्यंत तुमच्या घरातलं पाणी जायला वाटच नसते. वरून नळाला पाणी मात्र धो धो येत असतं! गोंधळ होतो तो इथेच. लोक नोटीस वाचतात, "ड्रेनेजचं काम, पाणी वापरू नये", त्यांना वाटतं पाणी बंद आहे, नळ उघडून बघतात तर पाणी येतंय, मग काम पुढे ढकललं असेल म्हणून खुशाल आंघोळ करतात. तुमच्या नोटीसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणून हे असलं पाहिजे: नळाला पाणी येईल, पण ते सोडायचं नाही.

२. कुणाचं घर कुठल्या लाइनवर आहे ते शोधा

रस्त्याच्या नावावरून यादी करू नका. कोपऱ्यावरचं घर पत्त्याने या रस्त्यावर असतं पण त्याचं कनेक्शन मागच्या गल्लीतल्या चेंबरला असतं, आणि मागच्या गल्लीतली दोन घरं या लाइनवर निघतात. जुने नकाशे यात कायम दगा देतात. पाइपात कॅमेरा सोडून केलेला आधीचा सर्व्हे बघा, त्यात चेंबरपासून किती मीटरवर कुठल्या बाजूला कनेक्शन आहे ते दिसतं, आणि जिथे शंका असेल तिथे रंग टाकून बघा. घरातल्या कमोडमध्ये हिरवा रंग टाकून फ्लश करायचं आणि खाली कुठल्या चेंबरात हिरवं पाणी येतंय ते पाहायचं. रंग निरुपद्रवी असतो पण दारात उभं राहून "तुमच्या संडासात रंग टाकायचाय" म्हटल्यावर माणूस दचकणारच, तेव्हा ओळखपत्र गळ्यात आणि आदल्या दिवशी एक चिठ्ठी दारात.

याच फेरीत अजून एक यादी करून टाका, ज्यांना नुसती नोटीस पुरणार नाही त्यांची. अंथरुणाला खिळलेलं माणूस, लहान बाळ, घरी डायलिसिस घेणारा पेशंट (मशीनचं पाणी ड्रेनेजमध्येच जातं हो, आणि त्याची वेळ पुढे ढकलता येत नाही), दमेकरी, गरोदर बाई, दवाखाना, पाळणाघर, हॉस्टेल, खानावळ, सलून. आणि तळघरात किंवा रस्त्याच्या लेव्हलच्या खाली राहणारे. वरच्या मजल्यावर कुणीतरी विसरून फ्लश केला तर ते पाणी सगळ्यात आधी खालच्या माणसाच्या मोरीतून वर येतं. चूक चौथ्या मजल्याची आणि घाण तळघरात, त्यामुळे खालच्यांशी समोरासमोर बोलाच.

या यादीतल्या लोकांना विचारा की कुठला दिवस चालेल. दर वेळी त्यांच्या सोयीचा दिवस मिळेल असं नाही, पण डायलिसिसच्या दिवशी लायनिंग ठेवायचं नाही एवढं तर ठरवता येतं. नाहीच जमलं तर तात्पुरत्या टॉयलेटची सोय कुठे आहे ते सांगा, आणि ती सोय चालता न येणाऱ्या माणसाच्या कामाची आहे का ते स्वतः जाऊन बघा.

३. कधी सांगायचं

एकदा सांगून भागत नाही आणि दहादा सांगितलं तर कुणी वाचत नाही. मी असं धरतो:

साधारण महिनाभर आधी पहिलं पत्र. यात काम का करतोय ते दोन वाक्यांत, पद्धत, अंदाजे आठवडा, आणि फोन नंबर. "का" ला खरं उत्तर द्या. काँक्रीटचा पाइप वरून सडतो हे लोकांना सांगितलं की पटतं, मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, पाइपच्या वरच्या ओलसर भागावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि ते छत खात जातं, मग एक दिवस रस्ता खचतो. कॅमेऱ्यातला त्यांच्याच रस्त्याखालचा एक फोटो लावा. मुळं शिरलेला, तडा गेलेला पाइप पाहिला की "चांगला रस्ता का खोदताय" हा प्रश्न निम्मा संपतो.

आठवडाभर आधी दुसरी नोटीस, आता तारखेसकट. त्यात पार्किंग कुठे, कचऱ्याची गाडी कुठे थांबणार, ॲम्ब्युलन्सला वाट कुठली.

दोन दिवस आधी दारावर अडकवायची चिठ्ठी, यात फक्त वेळ आणि काय करायचं. हीच खरी नोटीस, बाकीच्या हरवल्या तरी चालतील.

आदल्या संध्याकाळी मेसेज. सकाळी काम सुरू होताना मेसेज. आणि झाल्यावर मेसेज.

दारावरच्या चिठ्ठ्या वाटताना एक बघा, भाड्याने राहणाऱ्यांपर्यंत त्या पोचतायत का. मालकाच्या ईमेलवर पाठवलेली नोटीस भाडेकरूला कधीच मिळत नाही, आणि फ्लश तर भाडेकरू करणार आहे. वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा, दुपारी घरमालक ऑफिसात असतात आणि धुणं-भांडी त्याच वेळेला होतात. परिसरात ज्या ज्या भाषा बोलल्या जातात त्या सगळ्यांत चिठ्ठी हवी, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी कमोड आणि नळावर फुली मारलेलं चित्र.

४. चिठ्ठी कशी लिहायची

बहुतेक नोटिसा "सर्व संबंधित नागरिकांना कळविण्यात येते की" पासून सुरू होतात आणि वेळ सापडते खालून तिसऱ्या ओळीत. उलटं करा. मी साधारण अशी लिहितो:

> बुधवारी सकाळी ८ ते रात्री ८ ड्रेनेजमध्ये पाणी सोडू नका.
> नळाला पाणी येईल, पण ते सोडायचं नाही. आंघोळ, फ्लश, वॉशिंग मशीन, भांडी, काही नाही. सोडलंत तर ते तुमच्या किंवा खालच्यांच्या बाथरूममध्ये वर येईल.
> सकाळी ८ च्या आधी: आंघोळी, धुणं उरकून घ्या. बाथरूमच्या प्रत्येक जाळीत एकेक मग पाणी ओता. कमोडचं झाकण लावून ठेवा. मशीनचा टायमर आणि पाण्याचा फिल्टर बंद करा.
> प्लॅस्टिक किंवा गोंदासारखा वास आला तर: खिडक्या उघडा, त्या खोलीतून बाहेर या, आम्हाला फोन करा.
> काम संपल्यावर मेसेज येईल आणि गेटवर हिरवी पाटी लागेल. त्याआधी पाणी सोडू नका, ८ वाजून गेले असले तरी.
> टॉयलेटची सोय: कुठे ते लिहा. फोन: नंबर (काम चालू असेपर्यंत माणूसच उचलेल).

फिल्टरची ओळ वाचून लोक हसतात, पण आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी गुपचूप सिंकमध्येच जात असतं. एसीच्या पाण्याची नळी बाथरूममध्ये सोडलेली असेल तर ती बादलीत काढा. थेंब थेंब म्हणून कुणी मोजत नाही, पण बंद पाइपात बारा तास आणि वीस घरं असं धरलं की ते बरंच होतं.

वेळ लिहिताना इंजिनिअर जी वेळ सांगेल त्यात थोडी भर घाला. लवकर संपलं तर लोक खूश होतात, दोन तास उशीर झाला तर मात्र तुमच्या पुढच्या कुठल्याच नोटिशीवर विश्वास बसत नाही. चिठ्ठीत तांत्रिक शब्द घालू नका, रिहॅबिलिटेशन आणि लायनर इन्व्हर्जन पहिल्या पत्रात टाका हवं तर.

५. वास, धूर आणि कमोडमधून उडणारं पाणी

या तिन्ही गोष्टी आधी सांगितल्या तर लोक निभावून नेतात, नाही सांगितल्या तर फायर ब्रिगेड येते.

धूर: लाइन कुठे फुटलीय, पावसाचं पाणी कुठून शिरतंय ते शोधायला कधी कधी स्मोक टेस्ट करतात, चेंबरमधून पांढरा धूर आत सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. छतावरच्या व्हेंट पाइपमधून (ड्रेनेजची हवा वर सोडणाऱ्या) आला तर उत्तम, तसाच यायला पाहिजे. घरात आला तर समजायचं की ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी साठणारं वळण, कोरडा आहे किंवा कनेक्शन कुठेतरी उघडं आहे. टेस्टच्या दिवशी सकाळी फायर ब्रिगेडला कुठल्या रस्त्यावर, किती ते किती, हे कळवायलाच पाहिजे, आणि रोज कळवायचं, एकदा सांगितलंय म्हणून सोडायचं नाही, तिथली शिफ्ट बदललेली असते. धुराचा त्रास होणारे पेशंट आधीच सांगतील असं चिठ्ठीत विचारा.

पाणी उडणं: लायनिंगच्या आधी हाय प्रेशर जेटिंगने लाइन धुतात. व्हेंट नीट नसला किंवा कनेक्शन मेन लाइनला अगदी जवळ असलं तर हवेच्या दाबाने कमोडमधलं पाणी उसळून बाहेर येतं. झाकण बंद, आसपासचं पायपुसणं उचललेलं, एवढं सांगितलं तरी पुरतं. जेटिंगचा दिवस आणि लायनिंगचा दिवस वेगळा असतो, तेव्हा या दिवसाचीही वेगळी चिठ्ठी द्या.

वास: इथे जरा थांबू. लायनिंगच्या बऱ्याच रेझिनमध्ये स्टायरीन नावाचं रसायन असतं, त्याचा वास गोंदासारखा, गोडसर प्लॅस्टिकसारखा. नाकाला तो दहा लाखात एका भागापेक्षाही कमी असला तरी कळतो, म्हणजे वास आला म्हणून लगेच धोका असं नाही. पण म्हणून "वास आला तरी घाबरू नका, काही होत नाही" असं छापून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. २०१७ मध्ये पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी वाफेने कडक करताना बाहेर पडणारे ढग तपासले तेव्हा ती नुसती वाफ नाही, त्यात बरीच रसायनं आहेत असं दिसलं होतं. तेव्हा लोकांना सरळ सांगा: वास ओळखा, हवा खेळती ठेवा, त्या खोलीतून बाहेर या, आम्ही येऊन बघतो. डोळे चुरचुरले, डोकं दुखलं, मळमळलं तर घराबाहेर या आणि डॉक्टरांकडे जा. आणि साइटवाल्यांना सांगा की वाफेचं तोंड कुणाच्या खिडकीकडे, पाळणाघराकडे, एसीच्या हवा ओढणाऱ्या बाजूला ठेवू नका. हे लोकांना सांगायचं काम नाही, करायचं काम आहे, पण न केल्याचे फोन तुमच्याकडेच येतील.

वास घरात शिरतो तो बहुतेक वेळा कोरड्या ट्रॅपमधून. प्रत्येक बेसिनखाली, बाथरूमच्या जाळीखाली वळण असतं, त्यात पाणी साठून राहतं आणि तेच ड्रेनेजचा वायू अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनोन्‌महिने वापरलं नाही की ते पाणी उडून जातं. म्हणून चिठ्ठीत मगभर पाणी ओतायची ओळ. बंद असलेल्या फ्लॅटचं काय हा प्रश्न राहतोच, त्यांच्या मालकांना आठवडाभर आधी गाठा, किल्ली शेजाऱ्याकडे असते बऱ्याचदा.

६. कामाच्या दिवशी

फोन उचलणारा माणूस आणि चेंबरपाशी उभा असलेला माणूस यांच्यात सरळ लाइन पाहिजे. फोन साधारण असे येतात:

"अहो, आठ वाजून गेले, अजून मेसेज नाही. मुलाला संडासला जायचंय."
"ताई, कुठली बिल्डिंग?"
"पिवळी. औषधाच्या दुकानाशेजारची."
"तुमच्या बाजूची तोंडं कापायची चालू आहेत, तुमचं पुढून चौथं. अर्धा-पाऊण तास लागेल. तोपर्यंत गेटबाहेरच्या गाडीत टॉयलेट आहे, आमचा माणूस टॉर्च घेऊन उभा आहे तिथे. तुमचं कापलं की मी स्वतः फोन करतो."

"पुढून चौथं" एवढं सांगता आलं ना, की भांडण होत नाही. "काम चालू आहे, सहकार्य करा" म्हटलं की होतं. त्यासाठी साइटवरून दर कनेक्शन कापल्यावर एक मेसेज यायला हवा, एवढंच ठरवून घ्या.

आता तो परत चालूचा मेसेज. कटरवाला म्हणाला "झालं" म्हणून लगेच पाठवू नका. कामाआधीच्या कॅमेरा सर्व्हेत जितकी चालू कनेक्शन मोजली होती तितकी तोंडं कापलेली कॅमेऱ्यात दिसली पाहिजेत, दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून टिक करा, मगच मेसेज. एक जरी तोंड राहिलं तर त्या घरातला पहिला फ्लश जातो, दुसरा जातो, घरचा पाइप हळूहळू भरतो आणि मध्यरात्री बाथरूममध्ये सगळं वर येतं. म्हणून मेसेजमध्ये ही ओळ ठेवा: "आधी थोडं पाणी सोडून बघा, नीट जात नसेल, गुडगुड आवाज येत असेल तर थांबा आणि फोन करा." आणि त्या रात्री नंबर बंद करायचा नाही. तळघरातल्यांना मेसेजवर सोडू नका, दार वाजवून या.

रात्रीचे बायपास पंप असतील तर त्याची वेगळी सूचना. लाइन बंद असताना वरून येणारा मैला पंपाने पुढच्या चेंबरात टाकत राहावं लागतं, पंप रात्रभर थांबवता येत नाही. हे कारण सांगितलं तरी झोप मोडतेच, पण किती रात्री आणि कुठे ठेवणार आहात ते सांगितलं तर खिडकीजवळचा पलंग तरी हलवता येतो.

७. उशीर झाला तर

पावसात लाइनमधला प्रवाह वाढतो आणि लायनिंग थांबवावं लागतं, कधी मशीन बिघडतं, कधी आत पाइप खचलेला निघतो. ठरलेली वेळ उलटायच्या आधी सांगा, उलटल्यावर नको. पुढची तारीख माहीत नसेल तर "उद्या दुपारी चारपर्यंत तारीख कळवतो" असं सांगा आणि चारला कळवा, तारीख ठरली नसेल तर "अजून ठरली नाही" हेच कळवा. काम रद्द झालं असेल तर "आज पाणी वापरायला हरकत नाही" हे ठळक लिहा. लोक बिचारे काम रद्द झालेलं माहीत नसल्याने दिवसभर बिनआंघोळीचे बसलेत, हे फार वेळा होतं.

व्हॉट्सॲप ग्रुप करणार असाल तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवा. नाहीतर तुमची सूचना शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते आणि कुणीतरी मागच्या आठवड्याची चिठ्ठी परत फॉरवर्ड करतो.

८. तक्रारींची वही

वही म्हणा, एक्सेल म्हणा. तारीख, वेळ, घर, काय झालं, कुणाला सांगितलं, काय केलं, परत फोन केला का. शेवटचा रकाना रिकामा राहू द्यायचा नाही. एकाच बिल्डिंगमधून दोन दिवसांत तीन वासाचे फोन दिसले तर तो वासाचा प्रश्न नसून तिथलं कनेक्शन बघायला पाहिजे, आणि हे वहीतच दिसतं, फोन घेणाऱ्याच्या डोक्यात नाही.

खोदकाम किंवा बर्स्टिंग असेल तर काम सुरू व्हायच्या आधी घरांच्या भिंती, कुंपण, फरशा यांचे तारखेसकट फोटो मालकासमोर काढा आणि एक कॉपी त्यालाही द्या. त्याला वाटतं तुम्ही स्वतःच्या बचावासाठी काढताय, ते खरंही आहे, पण कॉपी हातात असली की नवी चीर पडल्यावर त्यालाही दाखवता येतं.

९. लोक गेले, मशीन गेलं, रस्ता तसाच

खोदलेल्या जागी लगेच पक्कं डांबर घालत नाहीत कारण भराव बसायला वेळ लागतो, आधी तात्पुरतं बुजवतात आणि पक्कं नंतर. हे कारण आणि पक्कं कधी करणार ते शेवटच्या पत्रात लिहा, नाहीतर तो खडबडीत पट्टा म्हणजेच तुमचं काम असं समजलं जातं. झुरळं, उंदीर काही दिवस जास्त दिसू शकतात, जुन्या लाइनमधून हललेले असतात, तेही लिहा आणि कुणाला कळवायचं तेही.

त्याच पत्रात लिहा की पुढचे काही आठवडे फ्लश केल्यावर बेसिनमधून गुडगुड आवाज, पाणी सावकाश जाणं, पावसात मोरीतून पाणी वर येणं, रस्त्यावर पट्टा खचणं, यातलं काही झालं तर प्लंबर बोलवायच्या आधी आम्हाला फोन करा. ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारी कुठल्या तारखेपर्यंत आहे ती तारीख लिहा, आणि ठेकेदाराचं ऑफिस उठल्यावर चालेल असा पालिकेचा नंबर द्या, साइटवरच्या पोराचा मोबाइल नको.